रीडिंग कुठून आलं, ते विचारू नका

इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये आज परत तेच. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट (काहीही न जोडता तो स्वतः किती पॉवर खातो ते मोजायचं), वीस जणांची बॅच आणि पॉवर मोजणारा चालू वॉटमीटर एक. तोही साधा. नो-लोडला, म्हणजे काही न जोडता, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा वाटा) इतका कमी असतो की एलपीएफ, म्हणजे खास लो पॉवर फॅक्टरचा, वॉटमीटर लागतो, हे पुस्तकात आहे, फळ्यावर आहे, व्हायव्हात आहे; टेबलावर तेवढं नाही. काटा शून्याच्या जरा पुढे थरथरतो आणि आम्ही वीस मुंडकी वाकवून त्याच्याकडे जत्रेतल्या दोन डोक्यांच्या वासरासारखं बघत बसतो.

मग कुणीतरी सीनियरची फाइल काढतं. त्यातलं रीडिंग त्याने त्याच्या सीनियरकडून उचललेलं. ६२ वॅट! तो ट्रान्सफॉर्मर कधीच भंगारात गेला असेल, त्याचा कोअर लॉस (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी पॉवर) मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

डीसी शंट मोटरला तर आम्ही लांबूनच नमस्कार करतो. सुरू करताना फील्डचा (चुंबकाच्या कॉइलचा) ऱ्हिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स, कमीत कमी रेझिस्टन्सवर का ठेवायचा, हे स्वतः जोडल्याशिवाय डोक्यात शिरेल कसं? पण सगळ्या जोडण्या लॅबवाले मामा आधीच करून ठेवतात. वर दम, "हात लावायचा नाही, फ्यूज उडेल."

अहो मामा, उडू द्या की एकदा! तो का उडाला हे शोधताना जे कळेल ते या चार वर्षांत कोण शिकवणार आहे?

फाइल मात्र बारकाईने तपासली जाते. माझी आज परत आली. ग्राफ पेनाने काढला होता म्हणे.