प्रॉपर्टीत जायचं म्हणताय, पण तिथे पैसा कसा येतो ते बघितलंत का?

"प्रॉपर्टीत ये गं, तुला बोलता येतं, माणसं ओळखता येतात, सहज जमेल तुला." हे मला गेल्या वर्षभरात भावानं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, ऑफिसातल्या दोघातिघांनी सांगितलं, आणि प्रत्येकाच्या ओळखीत असा एक जण आहेच ज्यानं नोकरी सोडली, रिअल इस्टेटमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत गाडी बदलली. मी इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे, बरीच वर्षं झाली, कामाचा तिटकारा आलाय असं अजिबात नाही, पण रिटायर होईपर्यंत हेच करायचं का हा प्रश्न आता पाठ सोडत नाहीये. म्हणून विषय मनावर घेतला, वाचलं, या धंद्यात असलेल्यांशी बोलले, आणि त्यातून जे मत झालंय ते इथे सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीत असा विचार करणारे बरेच जण आहेत हे मला माहितीये.

माझं मत असं की नोकरीतला माणूस ब्रोकर व्हायला निघतो तेव्हा त्याला वाटतं आपण कामाचा विषय बदलतोय, आधी इन्शुरन्स होता किंवा अकाउंट्स होतं आणि आता घरं. पण विषय तर महिनाभरात अंगवळणी पडतो हो. खरी बदलते ती पैसा यायची रीत. महिन्याच्या ठराविक तारखेला खात्यात पगार जमा होणं ही आपली इतकी सवय असते की ती सवय आहे हेच विसरायला होतं, आणि सगळं घर, हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांची औषधं, सगळं त्या एका तारखेभोवती लावलेलं असतं. कमिशनच्या कामात ती तारीखच नसते.

डील कशी होते ते जरा बघा. लीड येते, म्हणजे घर बघणाऱ्या कुणाचा तरी नंबर मिळतो, तुम्ही फोन करता, साइट व्हिजिट ठरवता, माणूस येतो किंवा येत नाही, आला तर घर आवडतं पण बायकोला दाखवायचंय, मग वडिलांना दाखवायचंय, मग लोनचं बघू, मग तीन आठवडे फोन उचलत नाही, मग अचानक एका संध्याकाळी म्हणतो टोकन देतो, तुम्ही खुश, आणि मग कागदपत्रांत काहीतरी निघतं किंवा बँकेनं कमी रक्कम मंजूर केली किंवा मालकानंच विचार बदलला. यातलं काहीही झालं की तुमची तोपर्यंतची सगळी मेहनत, सगळं पेट्रोल, सगळे रविवार, शून्य. आणि डील झाली तरी कमिशन लगेच हातात येत नाही, त्यातला हिस्सा ज्यांच्या ऑफिसखाली काम करता त्यांना जातो, जाहिरातीचा खर्च तुमचा, टॅक्स तुम्हीच बाजूला ठेवायचा, आजारी पडलात तर पगारी रजा नावाचा प्रकार नाही. माझी एक मैत्रीण यात बरीच वर्षं आहे आणि उत्तम चाललंय तिचं, तिला मी विचारलं की नव्या माणसाला सगळ्यात जड काय जातं, तर ती म्हणाली, "अगं, नकार नाही जड जात, नकाराची सवय होते. थांबणं जड जातं. सगळं करून झालंय आणि आता फक्त थांबायचंय, पैसे तर संपत चाललेत, तो काळ माणसाला खातो."

आता ते गाडी बदललेल्या माणसाबद्दल. तो खोटा नाहीये, असे लोक आहेत आणि त्यांनी कष्टानं मिळवलंय. पण या धंद्याचं एक गणित मला फार महत्त्वाचं वाटलं, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. २००३ मध्ये चांग-ताई शिए आणि एन्रिको मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास मांडला. कमिशन टक्क्यांत असतं, म्हणजे जिथे घरं महाग तिथे एजंटची कमाई जास्त असायला हवी, आपल्याला असंच वाटतं ना? तर तसं दिसलं नाही. बोस्टनमध्ये घरं मिनियापोलिसच्या जवळपास दुप्पट महाग होती, पण एजंटची सरासरी कमाई साधारण तितकीच, कारण बोस्टनचा एजंट वर्षाला निम्मीच घरं विकत होता. भाव चढले की या धंद्यात शिरणारेही वाढतात आणि तेवढंच काम जास्त लोकांत वाटलं जातं. म्हणजे तेजीचा फायदा कुणाला होतो तर आधीच पाय रोवून बसलेल्यांना थोडा, आणि बाकीचा फायदा नवीन आलेल्यांच्या गर्दीत विरून जातो. आणि आपण सगळे नेमके कधी शिरायचा विचार करतो? तेजीतच. ओळखीचा कुणी गाडी बदलतो तेव्हाच.

गर्दी होते कारण दार रुंद आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स लागतं, परीक्षा असते, पण त्याआधीचं शिक्षण मॅसॅच्युसेट्समध्ये ४० तासांचं आणि टेक्सासमध्ये १८० तासांचं, म्हणजे जास्तीत जास्त काही महिन्यांचा मामला. इंग्लंडमध्ये तर इस्टेट एजंटला लायसन्सच लागत नाही, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या मान्यताप्राप्त योजनेत नाव नोंदवावं लागतं. भारतात २०१६ च्या रेरा, म्हणजे रिअल इस्टेटच्या नियमनाच्या कायद्यानं एजंटची नोंदणी सक्तीची केली. नियम देशागणिक वेगळे, पण डॉक्टर किंवा वकील व्हायला जो काळ लागतो त्याच्या जवळपासही हे कुठे जात नाही. लोक हे फायदा म्हणून सांगतात, "काही विशेष शिकावं लागत नाही." मला हीच या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम वाटते, कारण मला जे विशेष शिकावं लागलं नाही ते माझ्या शेजाऱ्यालाही लागणार नाहीये.

आणि मंदी. व्याजदर वाढले की घरं विकली जायची थांबतात, इतकं सरळ आहे हे. अमेरिकेत २०२१ मध्ये जुनी, म्हणजे नवीन बांधलेली नाहीत अशी घरं साधारण ६१ लाख विकली गेली होती, मग २०२२ च्या मार्चपासून फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं दर चढवले, गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता तो २०२३ च्या ऑक्टोबरात पावणेआठच्या वर गेला, आणि त्या वर्षी विक्री ४१ लाखांच्या आसपास आली, १९९५ नंतरची तोपर्यंतची सगळ्यात कमी. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचे सभासद त्या वेळी १५ लाखांच्या वर होते. प्रत्येक सौद्यात एक बाजू विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, म्हणजे ८२ लाख बाजू, भागाकार करून बघा, सरासरी माणशी वर्षाला पाच-साडेपाच. सभासद नसलेले एजंट धरले तर आणखी कमी. आणि ही सरासरी झाली, प्रत्यक्षात जुने-जाणते वीस-तीस करतात तेव्हा खालच्या कितीतरी जणांच्या वाट्याला एखादं किंवा तेही नाही. याआधी २००६ ला संघटनेचे साडेतेरा लाखांच्या आसपास सभासद होते, २००८ मध्ये बाजार कोसळला आणि २०१२ पर्यंत ते दहा लाखांवर आले. तीन-साडेतीन लाख लोक कमी झाले म्हणजे काय झालं असेल याचा मी खूप विचार केला, त्यातल्या कितीतरी जणांनी माझ्यासारखीच चांगली चालती नोकरी सोडली असणार, त्यांच्यात काही कमी होतं म्हणून नाही गेले ते, बाजार बसला आणि त्यांच्याजवळ दोन वर्षं थांबायचे पैसे नव्हते.

अजून एक गोष्ट जी मला मनापासून खटकते ती म्हणजे हितसंबंधाची. लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोघांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ मध्ये छापला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि साधारण ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. ग्राहकाच्या घराला मात्र "चांगली ऑफर आहे, घेऊन टाका" असा सल्ला मिळतो, कारण आणखी थोडं थांबून जी किंमत वाढेल त्यातला एजंटचा वाटा अगदी किरकोळ असतो. यात एजंट वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाहीये. पैसा ज्या रीतीनं येतो ती रीत माणसाला हळूहळू एका बाजूला ढकलते, आणि घरात हप्ता थकलेला असताना ग्राहकाला "थांबा, घाई करू नका" असं सांगायला फार मोठं मन लागतं. मला स्वतःला विचारावं लागलं की माझ्याकडे तेवढी शिल्लक असेल का की मी खरा सल्ला देऊ शकेन. प्रामाणिकपणा हा स्वभावाचा भाग आहेच, पण बँकेत किती पैसे आहेत याच्याशीही त्याचा संबंध आहे असं मला आता ठामपणे वाटतं.

मग काय, प्रॉपर्टीचा नाद सोडला का? नाही, उलट जास्त ओढ लागलीये. कारण वाचता वाचता कळलं की रिअल इस्टेट म्हणजे ब्रोकर हे समीकरणच आपण फार घाईत मांडतो. मोठ्या इमारती सांभाळणारे, भाडेकरू आणि मालक यांच्यामध्ये उभे राहणारे प्रॉपर्टी मॅनेजर आहेत, त्यांना महिन्याला ठरलेली फी मिळते. जुनी कागदपत्रं उकलून टायटल, म्हणजे मालकीहक्क, स्वच्छ आहे की नाही सांगणारे आहेत. बँकेसाठी कर्जाच्या फाइली तपासणारे आहेत. आणि व्हॅल्युएशन, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवायचं काम आहे, ज्यात माझा जीव गुंतलाय. लंडनमध्ये १८६८ साली सर्व्हेअर, म्हणजे जागा मोजणाऱ्या आणि तिची किंमत काढणाऱ्या लोकांची जी संस्था सुरू झाली ती आज आरआयसीएस म्हणून जगभर ओळखली जाते, म्हणजे हा धंदा काही कालचा नाही. घराची किंमत ठरवायच्या मुख्य तीन वाटा असतात. आसपासची तशीच घरं काय भावानं गेली ते बघायचं, किंवा ती जागा भाडं किती देईल त्यावरून किंमत काढायची, किंवा जमिनीची किंमत अधिक आज बांधायचा खर्च वजा घसारा, म्हणजे जुनं झाल्यानं कमी झालेली किंमत. हा घसारा वाचला आणि मी एकदम सावरून बसले, कारण क्लेमच्या कामात इतकी वर्षं मी तेच करतेय, जळालेलं, बुडालेलं, मोडलेलं बघायचं, कागद तपासायचे, नुकसानीचा आकडा काढायचा आणि रागावलेल्या माणसासमोर बसून तो आकडा समजावून सांगायचा. शिवाय व्हॅल्युअरची फी सौदा होवो न होवो, कामाची असते. मला हेच हवंय. दार अरुंद आहे, शिकायला वेळ लागेल, परीक्षा आहेत, अनुभव दाखवावा लागतो, आणि म्हणूनच आत गेल्यावर गर्दी कमी असेल.

प्रॉपर्टी सोडून दुसरं काही डोक्यात असेल तरी मी हेच बघा म्हणेन. नर्सिंगचा विचार करणारी एक ओळखीची मुलगी आहे, तिशीतली, तिला सगळे म्हणतात एवढी वर्षं शिकत कशी बसणार. पण शिकून झालं की व्याजदर वाढला म्हणून हॉस्पिटलातली माणसं आजारी पडायची थांबणार नाहीयेत. शिक्षक व्हायचंय, समुपदेशक व्हायचंय, तिथेही आधी वर्षं घालवावी लागतात आणि मग पैसा हळू पण नेमानं येतो. उलट जे काम सहा आठवड्यांच्या कोर्सनं मिळतं म्हणून जाहिरात येते त्या प्रत्येक कामाला मी आता एकच प्रश्न विचारते, माझ्यासोबत अजून किती जणांनी ही जाहिरात बघितली असेल?

आणि हो, ज्यांना ब्रोकरच व्हायचंय त्यांना मी अडवत नाहीये, मनापासून सांगते. ज्यांना फॉलोअपचा कंटाळा येत नाही, ज्यांचे शनिवार-रविवार आणि संध्याकाळी मोकळ्या आहेत, ज्यांच्या घरात दुसरा पगार चालू आहे, त्यांनी जरूर जावं, आणि मंदीत गेलात तर मला वाटतं जास्त बरं, कारण तेव्हा जुन्या लोकांकडे शिकवायला वेळ असतो आणि हौसे-गवसे निघून गेलेले असतात. फक्त घरातल्या माणसांशी बोलून, किमान वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून जा. सहा महिन्यांचा पुरतो असं लोक म्हणतात, पण पहिली डील व्हायलाच सहा महिने गेले आणि मग पैसे हातात यायला अजून दोन-तीन लागले तर? घरच्यांना आकडा आधी सांगा, की अमुक महिन्यापर्यंत एक रुपयाही आला नाही तरी चालेल, त्यानंतर काय करायचं ते आत्ताच ठरवू. माझ्या नवऱ्याशी हे बोलणं झालं तेव्हा त्यानं विचारलं की पगार बंद झाला तर सगळ्यात आधी कोणता खर्च कापायचा, आणि आम्ही दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. ते उत्तर एक होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढायचा नाही असं ठरलंय आमचं.

सध्या नोकरी चालू आहे. व्हॅल्युएशनचं शिक्षण नोकरी सांभाळून कसं करता येईल ते शोधतेय, आणि एका जुन्या व्हॅल्युअरनी सुट्टीच्या दिवशी साइटवर सोबत यायची परवानगी दिलीये, फक्त बघायला आणि मोजमापं लिहून घ्यायला. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी व्हॅल्युएशन किंवा प्रॉपर्टी मॅनेजमेंटमध्ये मधल्या वयात उडी घेतली असेल तर मला एवढंच हवंय, पहिल्या वर्षी काम कुणाकडून मिळालं, आणि पहिली फी हातात पडेपर्यंत घर कशावर चाललं ते सांगा.