उभ्या उभ्या किंचाळायला काय लागतं? 'जुना रसिक' यांना उत्तर

दोन दिवस थांबून हे लिहिते आहे. लगेच लिहिलं असतं तर शब्द जास्त कडक आले असते.

बीथोव्हेनच्या 'आ! पेर्फिदो' या एकटी गायिका आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या इटालियन गाण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "ही बाई वाद्यवृंदापुढे उभ्या उभ्या तोंड वासून किंचाळते, एक शब्द कळत नाही. याला काय लागतं?" पुढे तुमच्या पिढीबद्दल, तिकिटाच्या दरांबद्दल आणि 'परदेशी ते चांगलं' या वृत्तीबद्दलही बरंच काही आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ही रचना पहिल्यांदा प्रागमध्ये गायली गेली, असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही खोडून काढलंत. बीथोव्हेनने ती 1796 मध्ये प्रागच्या मुक्कामात लिहिली, पण गायिका योझेफा दुशेकने ती गायली लाइपझिगला, त्याच वर्षीच्या 21 नोव्हेंबरला. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता 'ही बाई'. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई: आपल्या गाण्यात हा शब्द किती मानाचा आहे, हे जुन्या रसिकाला मी सांगायचं? तोच शब्द तुम्ही असा फेकलात, की समोर कलावंत नसून नळावर भांडणारी कुणी उभी आहे. गाणं आवडलं नाही, एवढं सांगायला माणसाला हिणवावं लागत नाही. अर्थात, नळावर भांडणारीलाही.

आणि तोंड वासणं. तिच्यापुढे माइक नसतो. मागे व्हायोलिनं, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न, आणि त्या सगळ्यांवरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा. आपण 'ई' किंवा 'ऊ' म्हणतो तेव्हा तोंडाच्या पोकळीचा सर्वांत खालचा अनुनाद, म्हणजे ती पोकळी ज्या कंपनांना आपोआप घुमते तो, सेकंदाला तीनशे-चारशे कंपनांच्या आसपास असतो. सोप्रानोचा, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा, वरचा 'सी' हा स्वर सुमारे 1,047 कंपनांचा. स्वर अनुनादाला मागे टाकून वर गेला, की आवाज पातळ पडतो. म्हणून ती जबडा खाली सोडते आणि अनुनादाला स्वरापर्यंत उचलून आणते. मग घसा न ताणता आवाज भरतो. किंचाळण्याच्या नेमकं उलट आहे हे. याची किंमत शब्दांना मोजावी लागते. ई, ए, आ एकमेकांकडे सरकतात. तेव्हा वरच्या पट्टीत शब्द कळत नाहीत हे खरं, पण त्यात तिचा निष्काळजीपणा नाही.

शब्द जिथे कळायलाच हवेत, त्या सुरुवातीच्या रेचिटातिव्होत, म्हणजे बोलल्यासारख्या गायच्या भागात, ते बोलण्याच्या लयीत येतात. तो भाग तरी ऐकलात का तुम्ही? सोडून जाणाऱ्याला ती शाप देते, देवांना त्याच्यावर सूड घ्यायला सांगते, आणि एका श्वासात मागे फिरते: थांबा, त्याचं काळीज वाचवा, माझ्यावर घाव घाला. एवढं सगळं नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, समोर दुसरं पात्र नाही, अशा अवस्थेत उभं करायचं. नुसत्या उभ्या उभ्या.

तुमची पिढी तुम्ही काढलीत, म्हणून माझंही सांगते. आठव्या वर्षापासून सांगलीत तंबोऱ्यावर बसले. लग्नानंतर मुंबईत नऊ वर्षं एका कॉयरमध्ये सोप्रानोच्या रांगेत गायले. वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीत मला माझाच आवाज ऐकू येईना. घाबरून मी ओरडले, खरोखर ओरडले, आणि महिनाभर ओरडतच राहिले. स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं. घरात पाटीवर लिहून मुलाचा अभ्यास घ्यायचे. परत शिकायला बसले तेव्हा शिक्षिकेने पहिला महिना दातांमध्ये दोन बोटं उभी धरायला लावली. तोंड वासायला, जुने रसिक, मला महिना लागला. किंचाळणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच तो शब्द झोंबला.

22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीनमध्ये बीथोव्हेनची मैफल झाली. चार तासांची, कडाक्याच्या थंडीत. 'आ! पेर्फिदो' गाणार होती गायिका अ‍ॅना मिल्डर, पण बीथोव्हेनशी भांडण होऊन तिने नकार दिला. तिच्या जागी आली योझेफिन किलिचकी नावाची तरुण गायिका, आणि ती भीतीने गारठली. गाणं फसलं. इतकं सोपं असतं, तर तिचंही जमलं असतं की!

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख संगीतकार हेडनने 1795 मध्ये लंडनमध्ये गायिका ब्रिजिडा बांतीसाठी लिहिलेल्या 'बेरेनिचे' या गाण्यावर आहे. वाचलात तर आधी ते गाणं एकदा पूर्ण ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.