गोधडी, मशीन आणि काकूंची नाराजी

नमस्कार काकू. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण 'माझ्या नातीचं लग्न ठरतंय' असं लिहिलंत, म्हणून काकू म्हणते. चालेल ना जी?

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी कापूस वेचणीचा हिशोब लिहीत बसले होते. वाचली, रागाने फोन उलटा ठेवला, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना निम्मी पटली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या लेखात मी भरतकामाच्या कम्प्युटरवाल्या मशीनवर दोन दिवसांत गोधडी केल्याचं लिहिलं होतं. काकूंचं म्हणणं, ही निव्वळ थाप आहे, कापड ताणून धरणाऱ्या वीतभर फ्रेममध्ये गोधडी मावतच नाही. शिवाय बंजारा तांड्यावरच्या बायांचे नमुने मशीनवर उतरवून विकणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं. आणि शेवटी एक प्रश्न आहे, काकूंच्या आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मी मशीनवर करून देईन का, असा. त्याचं उत्तर शेवटीच देते.

दोन दिवसांचं आधी कबूल करते. ते चुकलंच. मी फक्त सुई चालायचे तास मोजले होते. आता खरा हिशोब मांडते.

गोधडी पाच फूट बाय सात फूट, म्हणजे 60 बाय 84 इंच. घरगुती मशिनींमध्ये लहान फ्रेम 4 बाय 4 इंचाची येते. तिच्यावर ही गोधडी करायची तर आडवे 15 आणि उभे 21, असे 315 वेळा कापड फ्रेममध्ये लावावं लागेल. वेड लागेल हो. माझ्या मशीनची मोठी फ्रेम 200 बाय 280 मिलिमीटरची आहे. तिच्यात साडेसात बाय साडेदहा इंचाचा तुकडा बसतो, म्हणून माझं काम आठ गुणिले आठ, 64 तुकड्यांवर भागलं. एका तुकड्याला साधारण 2500 टाके. मिनिटाला 500 च्या वेगाने ते पाच मिनिटांत होतात, आणि हीच पाच मिनिटं मी लेखात मोजली होती. पण कापड कापायचं, इस्त्री करायची, फ्रेमला लावायचं, निघालेले दोरे छाटायचे, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) संपली की भरायची, हे धरलं तर एका तुकड्याला वीस मिनिटं जातात. 64 तुकड्यांचे 21 तासांच्या वर झाले. मग ते साध्या शिलाई मशीनवर ओळीने जोडायचे, जोड पट्टीने झाकायचे, चारी बाजूंनी गोट लावायचा. स्वयंपाक, शेत आणि लाईट यातून वेळ काढत मला नऊ दिवस लागले.

लाईटचं तर विचारूच नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या अलीकडे आमचं गाव. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी बल्बसुद्धा पिवळा पडतो. लाईट गेली तरी माझी मशीन कितव्या टाक्यावर थांबली ते लक्षात ठेवते, पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, फक्त फ्रेम जागची हलू द्यायची नाही. एकदा धाकट्याने 'आई, हे काय आहे' म्हणून फ्रेम काढून हातात दिली, आणि मोराची मान दोन मिलिमीटर बाजूला गेली. तो मोर अजून तसाच आहे. तेव्हापासून इन्व्हर्टर घेतला, साइन वेव्हचा. सासूबाई दारात बसून हे सगळं पाहतात आणि म्हणतात, "माही सुई लाईटीची वाट पायत नाई." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

'गोधडी मावत नाही' हे मात्र अर्धंच खरं आहे. अख्खी गोधडी मावत नाही, तुकडा मावतो. वरचं कापड, मधला पातळ कॉटनचा थर आणि खालचं अस्तर असे तीन थर एकत्र ठेवून तुकड्यावरच टाके मारून घ्यायचे, जोडायचं नंतर. जाड थर फ्रेमच्या दोन कड्यांत जबरदस्तीने कोंबला तर कापड ताणलं जातं, बाहेर काढल्यावर आक्रसतं आणि चौकोनाचा पतंग होतो. म्हणून मी फ्रेमला फक्त बॅकिंगचा पेपर (टाक्यांना आधार देणारा) लावते, थर त्यावर ठेवते आणि चौफेर कच्ची टीप मारून धरते. सुई 75 नंबरची बदलून 90 ची, जाड घालते. आणि एक गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नव्हती. भरतकामात खाली बारीक पांढरा बॉबिन दोरा घालतात, कारण उलटी बाजू कोण पाहतं? पण गोधडीची उलटी बाजू अंगाला लागते, डोळ्यांना दिसते. तिथे वर-खाली एकाच रंगाचा दोरा हवा. पहिल्या चार तुकड्यांच्या पाठीवर माझ्या पांढऱ्या रेघोट्या आहेत. ज्याने मशीन विकली तो "ताई, यावर सगळं होते" एवढंच म्हणाला होता. सगळं होतं, फक्त कसं ते आपलं आपण शोधायचं.

'ही कम्प्युटरची थेरं कालपरवाची' असंही तुम्ही लिहिलंत. भरतकाम यंत्रावर आलं ते 1828 मध्ये, जोशुआ हाइलमानने फ्रान्समध्ये तसं यंत्र केलं तेव्हा. घरात ठेवायची कम्प्युटरवाली मशीन 1990 मध्ये जनोम कंपनीने काढली. असो, जुनं आहे म्हणून चांगलं असं मला म्हणायचं नाही.

आता तांड्याचं. इथे मला तुमचं बोलणं लागलं, कारण ते बरोबर होतं.

मागच्या वर्षी बंजारा समाजाच्या पोहरादेवीच्या यात्रेत एका आजीच्या कांचळीवरचं (चोळीवरचं) काम मी फोनमध्ये टिपलं. त्रिकोण, चौकटी, मधे आरसे, कडेला कवड्या. घरी येऊन इंकस्टिचवर ते उतरवलं (चित्राचे मशीनसाठी टाके करून देणारं, इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, ज्यांना शिकायचंय त्यांनी जरूर घ्या). त्या नक्षीच्या पिशव्या विकल्या, आणि चिठ्ठीवर 'बंजारा भरतकाम' असं लिहिलं. ते बंजारा भरतकाम नव्हतं. मशीन भोक पाडून आरसा बसवल्याचा आव आणते, कवडी तिला ओवताच येत नाही. आजीचा टाका जवळून पाहिला तर कुठे लांब, कुठे आखूड असतो. माझा सगळा एकाच मापाचा. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी (म्हणजे तिकडच्या बंजारा) कामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्याकडच्या तांड्यांच्या कामाला तसं काही नसेल, म्हणून ते कोणीही उचलावं असं होत नाही. ती फाइल मी काढून टाकली आहे. उरलेल्या सहा पिशव्यांची चिठ्ठी बदलली, आता फक्त 'मशीन भरतकाम' लिहिलंय.

पण गोधडी शिवणाऱ्या बायांचा रोजगार माझ्या मशीनने गेला, हे मी मानणार नाही. आमच्या गावात पैसे घेऊन हाताने गोधडी शिवणाऱ्या दोघीच उरल्यात, दोघी साठीच्या पुढच्या. त्यांच्या सुना निंदणाला, वेचणीला जातात, कारण तिथे संध्याकाळी रोख हातात पडते. गोधडीला महिना लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्याच कपड्याची तर आहे, एवढे पैसे कशाचे?" हे मोडलं ते माझी मशीन यायच्या कितीतरी आधी. माझ्याकडे जे येतात ते बारशाला बाळाचं नाव घातलेलं दुपटं मागायला येतात. असं दुपटं या दोघींनी कधी केलं नव्हतं. उलट माझ्या दुपट्यांचा गोट त्यातल्या एकीकडूनच हाताने तुरपून घेते, त्याचे पैसे वेगळे. कारण मशीनने वळवलेला कोपरा बाळाच्या गालाला टोचतो.

आणि आता तुमच्या आईची लुगडी. माझ्याकडे देऊ नका काकू. शपथेवर सांगते, ही मशीन त्या कापडाची वैरीण आहे. भरीव नक्षीत टाके एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ पडतात. नव्या कापडाला काही होत नाही. पण चाळीस वर्षं धुतलेल्या सुताला ती भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. एका धुण्यात तिथूनच फाटतं. माझ्या आज्जेसासूच्या पातळावर मी एकदा कमळ भरलं होतं. कमळ शाबूत आहे, त्याच्या भोवतीचं पातळ नाही.

लुगडी हातानेच शिवून घ्या. चार आहेत म्हणताय, तर सगळ्यात विरलेली दोन आत घाला, धड आहेत ती वर आणि खाली. काठ कापू नका, ते चारी बाजूंना आले तर गोट लावायची गरजच नाही. धावदोरा कडेने सुरू करून आत आत घ्यायचा, दोरा सुती घ्या, पॉलिस्टरचा जुन्या सुताला कापतो. नातीच्या लग्नाला द्यायची असेल तर दिवाळीआधीच कोणाला तरी बसवा.

आईचं नाव घालायची फारच इच्छा असेल, तर मला नाव कळवा. नव्या खादीच्या चार बोटं रुंद पट्टीवर मशीनने घालून पाठवते, ती तुम्ही कोपऱ्याला हाताने टाचा. त्याचे पैसे घेणार नाही. फक्त नाव नीट लिहून पाठवा, ऱ्हस्व-दीर्घासकट. मशीन जे लिहिलं तेच घालते, आणि उसवायला गेलं की भोकं राहतात.