ऊद आणि नानकटाई

"बाई, तुमच्याजवळ दिवाळीचा वास यायलाय."

जुलै महिना, बाहेर खानापूरचा पाऊस, वर्गात ओल्या दप्तरांचा आणि रेनकोटांचा कोंदट वास. चौथीतली एक मुलगी वही तपासून घ्यायला टेबलाशी आली, एवढं बोलली आणि वही घेऊन जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

गेली दोन वर्षं मी एकच अत्तर लावते. तेलातलं, अल्कोहोल नसलेलं. त्यात ऊद-लोबानाचा धुरकट वास आहे आणि त्याच्या जोडीला लोणी, दालचिनी, व्हॅनिला, भाजलेल्या बिस्किटांचा गोडवा आहे. स्टाफरूममध्ये यावर बरंच बोलून झालंय. "अगरबत्ती तर अगरबत्ती, केक तर केक, दोन्ही एकत्र कशाला?" असं एका मैत्रिणीचं म्हणणं. घरी आत्यांची हरकत वेगळीच: "देवाचा वास देवाजवळ राहू दे गे, अंगाला कशाला लावतीस?" दोघींचा मान ठेवून सांगते, मला हे दोन वास एकत्र येण्यात काहीच वावगं वाटत नाही. बेळगाव-खानापूरकडे वाढलेल्या माणसाला तर ते वाटूच नये.

माझं लहानपण बेळगावच्या शहापुरात गेलं. घरात ओव्हन असण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरायची आणि आम्ही दोघी बेकरीच्या भट्टीवर जायचो. तिथं आधीच पाचसहा बायका डबे घेऊन बसलेल्या असायच्या. परातीत तूप-साखर तळहातानं फेसायची, पांढरं लोण्यासारखं होईपर्यंत. आईचा हात दुखला की मी. मग मैदा घालून गोळे वळायचे, प्रत्येकावर बोटानं हलकं दाबून एक चारोळी. काळेकुट्ट पत्र्याचे ट्रे, ते आत सारायला लांब दांड्याचं लाकडी फावडं. पहिली काही मिनिटं नुसती लाकडांची धग लागायची. मग तूप सुटल्याचा वास, आणि मग एकदम तो दुसरा, मैदा आणि साखर तांबूस व्हायला लागल्याचा. भट्टीवाले काका घड्याळ बघायचे नाहीत, त्या वासावर ट्रे ओढायचे.

गरम नानकटाईच्या डब्याला झाकण लावायचं नाही, वाफ धरून ती मऊ पडते. वर सुती फडकं टाकायचं आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षानं घरी. पोचेपर्यंत तिन्हीसांज झालेली असायची. आजीनं धुपाटण्यात निखारे घेऊन त्यावर ऊद टाकलेला असायचा. डबा आधी देवासमोर जायचा, पहिली नानकटाई देवाला. उदाचा धूर आणि गरम तुपाचा वास त्या एका लहान खोलीत एकमेकांत मिसळायचे आणि रात्री झोपताना उशीला, माझ्या फ्रॉकला तोच मिश्र वास यायचा. आज मी मनगटाला लावते तो हाच.

आत्यांना मी पूजेचाच दाखला दिला. पंचोपचार म्हणजे काय? गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. धूप आणि नैवेद्य यांच्यामध्ये फक्त एक दिवा आहे! आपल्या देवघरात धुराचा वास आणि गोडाचा वास वेगळे कधी राहिलेच नाहीत. आणि देवाचा सुगंध अंगाला नको म्हणावं, तर चंदन आपण देवाला लावून उरलेलं स्वतःच्या कपाळाला लावतो. वारीला गेलेला माणूस कपाळाला बुक्का लावून येतो. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाणं झाल्यावर ओवा, वावडिंग, ऊद टाकून धुरी देतात, ती अंगालाच. आत्या ऐकून घेतल्या. पटलं की नाही ते बोलल्या नाहीत.

आता 'ऊद' या शब्दाबद्दल, कारण अत्तर घेताना इथंच फसगत होते. आजीचा ऊद म्हणजे स्टायरॅक्स जातीच्या झाडाला चीर देऊन काढलेला डिंक. सुमात्रा, थायलंड, लाओसकडचा. बाजारात तो लोबान म्हणूनही मिळतो. अत्तरवाल्याच्या तोंडचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड आणि त्याचं तेल. मूळ अरबी शब्दाचा अर्थच लाकूड. दोन्हींचे वास पार वेगळे. अगरूचा वास जड, किंचित कातड्यासारखा, महागडा. आपला डिंकाचा ऊद मऊ, गोडसर. माझ्या कन्नड मैत्रिणीच्या घरीही उदबत्तीला 'ऊदुबत्ती' म्हणतात, त्यामुळे हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही, वासही नाही.

हा डिंकाचा ऊद गोडसर का लागतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यात मुळातच थोडं व्हॅनिलिन असतं. व्हॅनिलाच्या शेंगेला जो वास देतं तेच द्रव्य. म्हणजे केक आणि धूप यांचं नातं कुणा परदेशी अत्तर बनवणाऱ्यानं ओढूनताणून जोडलेलं नाही, ते झाडाच्या चिकात आहे. हे व्हॅनिलिन 1874 साली जर्मनीत टिमान आणि हारमान या दोघांनी प्रयोगशाळेत तयार केलं आणि तिथून गोड वास स्वस्त झाला. खाऊच्या वासाची अत्तरं जगभर गाजायला मात्र 1992 उजाडावं लागलं. त्या वर्षी 'एंजल' नावाचं फ्रेंच अत्तर आलं, त्यात जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखा वास देणारं इथाइल माल्टॉल भरपूर होतं. तेव्हापासून ही एक वेगळी जातच मानली जाते.

पण आपल्याला त्यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, करताना शेजारी उभं राहून बघा. दूध आटत येतं, साखर पडते, उलथनं हलत राहतं आणि एका क्षणी पांढरा रंग सोडून ते तांबूस व्हायला लागतं. पाव, बिस्किट, नानकटाई भाजताना जे होतं तेच कढईत होत असतं. प्रथिनं आणि साखर उष्णतेनं एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवे वास जन्माला येतात. माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली ते मांडलं म्हणून त्याचं नाव पडलं. बेळगावचा हलवाई आपला तांबूस रंगावर आणि वासावर कढई उतरवतो. कढईच्या तळाची खरवड ज्यानं खाल्लीय त्याला अत्तरातली 'कॅरॅमल नोट', म्हणजे भाजल्या साखरेच्या वासाची छटा, काय हे शिकवावं लागत नाही.

एक तक्रार करायचीच आहे. सुरुवातीला मी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून असंच अत्तर घेतलं होतं. विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, "शंभर टक्के नैसर्गिक, कन्नौजच्या पद्धतीनं काढलेलं." अत्तरांसाठी नावाजलेल्या कन्नौजला तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी उकळून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, चंदनाच्या तेलावर उतरवतात, ही पद्धत खरी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण बिस्किट डेगेत उकळून बिस्किटाचं अत्तर निघत नाही! लोण्याचा, भाजलेल्या पिठाचा वास अत्तरात येतो तो प्रयोगशाळेतल्या द्रव्यांतून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मला तो वास आवडतोच. खोटं बोलून दुप्पट पैसे घेतले याचा राग आहे. वर त्यात दालचिनी इतकी होती की मनगटावर लाल चट्टा उठला, चार दिवस खाज. तेव्हापासून कुठलंही नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावते आणि एक दिवस थांबते. तुम्हीही थांबा.

दुसरं नुकसान माझ्याच चुकीनं झालं आणि ते अजून मनाला लागतं. आईची शहापुरी साडी, मोतिया रंगाची, आमच्याच भागातल्या मागावर विणलेली. मी ती लग्नाला नेसले आणि घाईत पदराजवळ अत्तराचं बोट पुसलं. तेलाचा डाग तर पडलाच, पण काही महिन्यांनी ट्रंक उघडली तर तो तपकिरी झालेला. व्हॅनिलिन हवेनं आणि उजेडानं काळवंडतं, गोड अत्तरं बाटलीतसुद्धा गडद होत जातात ती त्यामुळेच. आई काही बोलली नाही, नुसता डागावरून अंगठा फिरवला. तर हे अत्तर कपड्याला कधीच नको. रेशमाला तर नकोच नको.

अंगाला लावायचं तेही बेतानं. मनगटावर एक थेंब, कानामागं पुसट बोट, बस. तेलातलं अत्तर फवाऱ्यासारखं लांब पसरत नाही, कातडीजवळ राहतं आणि मला तेच हवं असतं. आधी लोणी आणि दालचिनी येतात, अर्ध्या तासात विरतात. व्हॅनिला आणि ऊद मागं राहतात आणि दुपारपर्यंत इतके एकजीव होतात की कुठला कुठला ते मलाही सांगता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हा वास जड होतो, डोकं धरतं, तेव्हा मी मोगऱ्याचा गजरा माळते आणि बाटली कपाटात ठेवते. पावसाळ्यात, कपडे चारचार दिवस वाळत नाहीत तेव्हा, आणि थंडीत सकाळच्या पॅसेंजरला धुक्यात उभं राहताना मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. बसमध्ये शेजारी कुणी नाकाला पदर लावलेला दिसला तर त्या मार्गावर मी दुसऱ्या दिवशी लावत नाही. वासानं खरंच डोकं उठणारी माणसं असतात.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, दिवाळीचा म्हणजे कसला गं वास? ती म्हणाली, "आज्जी पूजा करते आणि आई करंज्या तळते तसला." नानकटाई तिला माहीत नव्हती. गावात भट्टीच नाही.

शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प, कुठंही, अजून कुणी आपला मैदा-तूप घेऊन भट्टीवर नानकटाई भाजून देत असेल तर खाली नक्की लिहा. यंदा आईला घेऊन जायचंय, आणि वर्गासाठी एक डबा जास्त भाजून आणायचाय.