‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ म्हणे!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड या आठवड्यात चौथ्यांदा आला. सार असं: कॅमेरा खोटं बोलत नाही, माणसाची आठवण बेभरवशाची, दहा प्रेक्षक दहा गोष्टी सांगतात, आणि सगळं रेकॉर्ड होतंच आहे, तर मैफल ऐकायला माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहापर्यंत जायचं कशाला?

आधी आठवणीचा मुद्दा घेतो, कारण तो निम्मा खरा आहे. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनंतर पुन्हा विचारलं, तर पुष्कळांची उत्तरं पार बदललेली, आणि तरीही छातीठोक! तेव्हा एकट्याची आठवण घसरते, कबूल. पण मैफलीची आठवण एकट्याची असते कुठे? मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेतच ती पहिल्यांदा तपासली जाते. मागच्या रांगेतला म्हणतो, ‘तान अडखळली.’ पुढच्या रांगेतला म्हणतो, ‘छे हो, मुद्दाम थांबले, तबल्याकडे बघून हसले की!’ दहा जण दहा गोष्टी सांगतात ते दहा जागांवरून पाहिलेलं असतं म्हणून. कॅमेऱ्याला मिळते एकच जागा.

बरं, त्या जागेवरून तरी तो जसंच्या तसं टिपतो का? गडकरीतल्याच एका मैफलीची भाच्याने फोनवर केलेली क्लिप माझ्याकडे आहे. गवई हळू आवाजात षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, विसावले की फोन आपणहून आवाजाची पातळी चढवतो, त्यामुळे एसीची घरघर आणि कुणाच्या तरी वेफर्सच्या पुडीची कुरकुर स्पष्ट ऐकू येते. तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, लागला की तोच फोन आवाज दाबतो. म्हणजे गाण्यातली चढउतार, जिच्यासाठी बुवांनी आयुष्य घातलं, ती यंत्राने सपाट केली. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गाणं शिकलेल्यांना विचारा: एकसारखा वाजणारा तानपुरा कॉलच्या सॉफ्टवेअरला गोंगाट वाटायचा आणि ते तो पुसून टाकायचं. याला खोटं म्हणू नका हवं तर, पण साक्षीदाराच्या सवयी ठाऊक नसताना त्याची साक्ष कशी मानायची?

‘रेकॉर्ड झालं म्हणजे राहिलं’ हे तर आपल्या संगीत नाटकानेच खोटं पाडलंय. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ हे संगीत नाटक केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्या रात्रीचा आवाज आपल्याकडे नाही, तरी शंभर वर्षांनंतरही नाट्यवेड्या घरांत कोण कुणाला भारी पडलं यावर वाद होतो. ग्रामोफोनच्या तबकड्या तेव्हाही निघत होत्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. वन्समोअरवर वन्समोअर घेत वाढत जाणारं पद त्यात मावणार कसं? (तबकड्या मीही जीव टाकून ऐकतो. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.)

शिवाय रेकॉर्ड करणाराच विसरतो. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. गंमत म्हणजे, एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा मात्र तसं झालं नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी, ‘तो बघतोय ना’ म्हणून आपण बघणं सोडतो त्याचा जास्त.

त्याच मैफलीत पहिला सा लावण्याआधी बुवा थांबले होते. बायको म्हणते अर्धा मिनिट, मी म्हणतो त्याहून जास्त. क्लिपमध्ये ते अकरा सेकंद आहेत. आम्ही दोघंही हरलो, मान्य. पण नऊशे-हजार माणसांचं खोकणं ज्यात थांबलं होतं ते अकरा सेकंद ऐकायला गेलो, तर क्लिपमध्ये वेफर्सच ऐकू येतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं: ‘छान. क्लिप पाठवता का?’