75 लाख म्हणे, वाह!

आज परत तेच. ऑफिसात चहाच्या वेळी आमचे एक साहेब (स्वतः ड्रायव्हर ठेवलेल्या गाडीतून येतात, ते सोडा) मोठ्या कौतुकाने सांगत होते, मुंबईत दिवसाला 75 लाख माणसं लोकल वापरतात, काय सिस्टीम आहे ना आपली, लाइफलाइन! मी हो हो केलं आणि टेबलाखाली अंगठा चोळत बसले, सकाळी डोंबिवलीला चढताना एकीची हील त्यावर पडली ती अजून ठणकतेय.

वापरतात म्हणे. वापरायला काय मिक्सर आहे तो? रेल्वेच्या भाषेत या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं. घरी हॉलमधल्या दोन बाय दोनच्या तीन फरशा धरल्या की साधारण तेवढी जागा होते. उभे करून दाखवा त्यावर 14 जण, तेही पर्स, डबा आणि ओल्या छत्रीसकट!

आणि बसायला मिळावं म्हणून काय काय करतात बायका, ठाण्याच्या आधी उलट दिशेने कल्याणपर्यंत येतात आणि तीच गाडी धरून बसून परत जातात, म्हणजे डोंबिवलीला गाडी येते ती भरलेलीच, पण त्यांना तरी काय बोलू, कंबर धरली की मीपण तेच करते. मग आत शिरलं की "कुठे उतरणार?" विचारत फिरायचं, घाटकोपरवाली सापडली तर तिची सीट आधीच दोघींनी सांगून ठेवलेली, शेवटी तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धी मांडी टेकवायची आणि त्यातच सुख मानायचं.

वर दीर म्हणतो गाडी घे ना. अरे 2020 ला लोकल बंद होती तेव्हा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून बसून कळलंय मला रस्ता काय चीज आहे ते. आणि 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, काही गेली, तीपण याच 75 लाखांतली ना? की ती वजा करून सांगता?

बरं, त्याच साहेबांचा आत्ता मेल आलाय. सोमवारपासून साडेनऊनंतर पंच केलं की हाफ डे.