'४ + ४ = ८ जीबी' आणि टॅबच्या त्या मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला, हिरव्या टिकमार्कांसकट. थोडक्यात असा: 'पाल्याचा पहिला टॅब १५ हजारांखाली घेऊच नका, सगळा कचरा असतो, आकाश टॅबलेटचं काय झालं ते आठवा. रॅम ८ जीबीच हवी, ४+४ असेल तरी चालेल. सिमवालाच घ्या. सेकंडहँड चुकूनही नको. आणि एकदा टॅब घेतला की लॅपटॉपची गरजच नाही.'

मी पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. मेसेज वाचून घेतलेले टॅब चार महिन्यांनी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून हा खटाटोप.

आधी रॅम, म्हणजे उघडी ॲप्स जिथे चालतात ती कामाची जागा, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. मागच्या वर्षी प्रथम वर्षाचा एक मुलगा आला. "मॅडम, नवीन आहे, तरी अडकतोय." खोक्यावर ठळक '८ जीबी रॅम' आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत '४ जीबी + ४ जीबी व्हर्च्युअल'. हे दुसरे ४ जीबी म्हणजे रॅम नव्हेच. स्टोरेजमधला, म्हणजे फायली साठवायच्या जागेतला, तेवढा तुकडा कापून त्याला रॅमची टोपी घातलेली असते. स्वयंपाकघरात ओट्यावर जागा पुरत नाही म्हणून अर्धी भांडी माळ्यावर ठेवायची आणि सांगायचं की ओटा दुप्पट झाला, तसलाच प्रकार. दर वेळी शिडी लावून चढायचं कोणी?

त्यात माळाही कसला? स्वस्त टॅबमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं. त्याची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी, आणि ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस प्रकारचं स्टोरेज दोन्ही एकदम करतं आणि वेगही कितीतरी जास्त. खरी रॅम या दोघांच्याही खूप पुढे. त्या मुलाच्या टॅबमध्ये ६४ जीबी ईएमएमसी होतं. त्यातलं बरंचसं सिस्टीमनं खाल्लेलं, ४ जीबी या नकली रॅमनं, उरलेल्यात क्लासची डाउनलोड केलेली लेक्चर्स. शिल्लक जेमतेम २ जीबी. सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल रॅम बंद केली, लेक्चर्स मेमरी कार्डावर हलवली, टॅब बंद करून चालू केला. पळायला लागला नाही, पण चालायला लागला. व्हर्च्युअल रॅमचा एक खरा फायदा आहे, मागे उघडी ठेवलेली ॲप्स जरा जास्त वेळ टिकतात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. खरी ४ जीबी आणि १२८ जीबी यूएफएस असलेला टॅब मी त्या '८ जीबी'पेक्षा डोळे झाकून उचलेन. दुकानदाराला विचारलं तर तो 'सगळं सेमच असतं' म्हणेल. कंपनीच्या साइटवर तांत्रिक माहितीचं पान असतं, ते फोनवर उघडून त्याच्यासमोरच बघा.

आता आकाश, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी सरकारनं आणलेला तो स्वस्त टॅब. लोक तो दाखला देतात आणि अर्धाच देतात. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत आला तो पहिला आकाश, सरकारला २,२७६ रुपयांना पडलेला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि रेझिस्टिव्ह स्क्रीन, म्हणजे बोट फिरवून नव्हे, नखानं दाबून चालवायचा. वैताग येणारच. पण वर्षभरानं, नोव्हेंबर २०१२मध्ये, आकाश-२ आला. त्यात १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे १,००० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि आजच्यासारखी बोटाला ओळखणारी कपॅसिटिव्ह स्क्रीन. किंमत २,२६३ रुपये! पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी त्यावर सी आणि पायथॉन या भाषांतले प्रोग्रॅम चालवायची सोयसुद्धा केली होती. पुढे ती योजना बारगळली ती वेगळी कथा. पण तेवढ्याच पैशात एक टॅब छळतो आणि दुसरा बऱ्यापैकी वापरता येतो, हे त्याच आकाशनं दाखवलं. मग '१५ हजारांखाली कचरा' याला तो साक्षीदार कसा?

१५ हजारांखाली कात्री कुठे लागते ते मात्र नीट बघावं लागतं. पहिली स्टोरेजला, ते वर आलंच. दुसरी स्क्रीनला, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मुलं टॅबवर सगळ्यात जास्त काय करतात? पीडीएफ वाचतात. बहुतेक नोट्स ए-४ पानावर बेतलेल्या. १०.१ इंची टॅब उभा धरला तर स्क्रीनची रुंदी भरते साधारण १३६ मिलिमीटर, आणि ए-४ पान असतं २१० मिलिमीटर. म्हणजे पान ६५ टक्क्यांवर येतं, १० पॉइंटचं अक्षर साडेसहाचं होतं. ८.७ इंची टॅबवर तर जवळजवळ निम्मंच. त्यात १०.१ इंची स्क्रीन १२८० बाय ८०० ठिपक्यांची असेल तर इंचाला १५० ठिपकेही भरत नाहीत. इंग्रजी कसंबसं वाचता येतं. मराठी नोट्समधला 'ष्ट' की 'ष्ठ', 'द्ध' की 'द्ध्य', हे ओळखायला पान मोठं करा, सरकवा, परत लहान करा. रोज चार तास हे करून बघा. त्याच १०.१ इंचात १९२० बाय १२०० असेल तर इंचाला सव्वादोनशेच्या आसपास ठिपके मिळतात आणि जोडाक्षर जोडाक्षरासारखं दिसतं. माझ्या मते दोन हजार जास्त घालायचेच असतील तर ते इथे घालावेत.

सिमचं फार बोलण्यासारखं नाही. मुलाकडे फोन असेल तर हॉटस्पॉट लावून काम भागतं, आणि वायफायवाला टॅब स्वस्त पडतो. होस्टेलवर फोनला बंदी पण टॅबला परवानगी असेल, तर सिमवाला घ्या. असले नियम कोण करतं देव जाणे.

सेकंडहँडचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. आमच्याकडे एक मुलगी मैत्रिणीच्या ओळखीतून जुना टॅब घेऊन आली. चांगल्या कंपनीचा, स्क्रीन सुरेख. तिनं हौसेनं रीसेट मारला आणि टॅब मागायला लागला आधीच्या मालकाचं गूगल खातं. मालक फोन उचलेना. पैसे गेले. हे टाळायला घेतानाच विकणाऱ्याला त्याचं खातं सेटिंगमधून काढायला लावा, मग समोर रीसेट करा आणि आपल्या खात्यानं सुरू होतो का बघा. सिमवाला असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे टॅबचा ओळख क्रमांक, काढा आणि १४४२२ वर इंग्रजीत 'केवायएम', एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस करा. तो चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. शिवाय सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर सोडून द्या. हे शेवटचं नव्या टॅबलाही लागू आहे. दुकानातला 'नवा' माल कित्येकदा तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल असतं.

राहिला लॅपटॉप. आर्ट्सच्या मुलीला किंवा नीटची तयारी करणाऱ्याला टॅब खरंच पुरतो. सी किंवा पायथॉन शिकायलाही प्रोग्रॅम चालवणारं टर्मक्ससारखं ॲप आणि ब्लूटूथ कीबोर्ड यांवर पहिलं वर्ष निघतं, मुलांनी काढलेलं मी पाहिलंय. पण सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलाला पूर्ण ऑटोकॅड लागतं, कॉमर्सवाल्याला टॅली लागतं, आणि ही दोन्ही अँड्रॉइडवर चालत नाहीत. ऑटोकॅडचं मोबाइल ॲप ड्रॉइंग बघायला आणि किरकोळ दुरुस्तीला ठीक, सबमिशनला नाही. अशा मुलानं त्याच पैशात जुना लॅपटॉप बघावा. फक्त विंडोज १०ला कंपनीचा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपलाय, त्यामुळे विंडोज ११ चालेल असाच हवा. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नये, किंवा घेतला तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायची तयारी ठेवावी. ते मी लॅबमध्ये टाकून देते.

आणि दुकानात जाताना मेमरी कार्डावर आपल्याच नोट्सची तीनशे पानी पीडीएफ घेऊन जा. काउंटरवरच्या टॅबमध्ये घाला आणि एकशे सत्तराव्या पानावर उडी मारा.